अप्पा, हॉलची पट्टी बसली

अप्पा, आज हॉलमधल्या लांब भिंतीच्या तळाची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, बसली. ताणलेल्या दोरीत सरळ बसली की वाकड्या भिंतीला धरून बसली, ते मात्र लगेच सांगणार नाही. तुम्ही गेलात त्याला तीन आठवडे होत आले, आणि एवढ्या दिवसांत इतर सगळ्यांचं आपापलं म्हणणं सांगून झालंय. आता माझी पाळी आहे, म्हणून मी सावकाश सांगणार.

तेरा दिवस भेटायला येणारा प्रत्येक माणूस त्याच भिंतीला पाठ टेकून बसला. खाली नवी फरशी, वर पांढरी पुट्टी आणि दोन्हींच्या मधे चार बोटं उघडं सिमेंट. तुमच्याबद्दल बोलून झालं, डोळे पुसून झाले, चहाचा कप खाली ठेवला, की नजर तिथे जायची. "ही पट्टी राहिली का हो बसवायची?" मी म्हणायचे, राहिली. सासरा आणि सून महिनाभर भांडत बसले म्हणून राहिली, हे सुतकात कोणाला सांगणार?

खरं तर सुरुवात सोमनाथ मिस्त्रीने केली. त्याने फरशी झकास बसवली आणि स्कर्टिंगची वेळ आली तेव्हा "ताई, भात लावून येतो" म्हणून पेठकडे आपल्या गावी निघून गेला. मी म्हटलं, येऊ दे सावकाश, घाई कसली आहे. तुम्ही म्हणालात, "पट्टी चिकटवायला मिस्त्री कशाला लागतो? मी ओझरला विमानाचे सांधे जुळवलेत." झालं. कारखाना सुटून इतकी वर्षं झाली तरी तुमचे हात ड्यूटीवरच होते. आणि मी अर्ध्या कॉलनीचे ब्लाउज शिवणारी. सातपूरच्या या छोट्या रो-हाउसमध्ये मापं घेणारी दोन माणसं, तुमची टेप लोखंडी, माझी कापडी, आणि एकाला दुसऱ्याची टेप मान्य नाही. संदीप सेकंड शिफ्टला निघाला होता. तुमचा मुलगा असून आणि माझा नवरा असून त्या माणसाला वादाची मुळीच आवड नाही. डबा उचलता उचलता दारातून म्हणाला, "मी येईपर्यंत घर जागेवर ठेवा म्हणजे झालं."

पट्टी निवडायला आपण दुकानात गेलो तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. मला गडद कॉफी रंग हवा होता, कारण ओल्या फडक्याची काळी रेघ भिंतीच्या तळाला कुठे उमटते, हे फरशी पुसणाऱ्याला बरोबर माहीत असतं. तुम्हाला फरशीच्याच रंगाची पट्टी हवी होती. दुकानदार बिचारा दोन्ही नमुने भिंतीला टेकवून दाखवत होता. तुम्ही म्हणालात, "उभ्याने बघून काय कळणार?" आणि भर दुकानात आडवे झालात. गाल फरशीला, एक डोळा मिटलेला, दुसरा पट्टीच्या कडेवर. दुकानदाराला वाटलं, बाबांना चक्कर आली. तो पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याच्या माणसाने पंखा तुमच्याकडे वळवला, आणि एक गिऱ्हाईक बाई "कांदा हुंगवा, कांदा" म्हणत पुढे आल्या. टाइल्सच्या दुकानात कांदा कुठून येणार, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. तुम्ही पडल्यापडल्या म्हणालात, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

मी तोंडाला पदर लावून नळांच्या कपाटाकडे वळले. तुम्ही उठलात, आणलेलं पाणी प्यायलात, चहा मिळेल का विचारलंत आणि मग माझ्याकडे बघून म्हणालात, "कॉफीच घे. गडद रंगात भिंतीचा वाकडेपणा जास्त दिसेल, पण रोज पुसायचं तुला आहे. उंची मात्र तीन इंच. पट्टी जितकी उंच तितकी भिंत उघडी पडते." मला चार इंच हवी होती. पण रंग मिळाला होता, म्हणून उंचीचा हट्ट मी सोडून दिला. आत्ता मान्य करते की तीनच बरी दिसते.

आतल्या खोलीचं प्रकरण तर आपल्या दोघांशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून घडलंच नसतं. तिथली फरशी मोरीच्या दाराकडे उतरती आहे, म्हणून पट्टीची वरची कड सरळ राहायला हवी तर प्रत्येक तुकडा खालून वेगळा कापायला हवा. मी म्हटलं, यात काय अवघड आहे, कागदाचे नमुने कापून देते. जुन्या वर्तमानपत्रावर प्रत्येक तुकड्याचा नमुना काढला, त्यावर नंबर घातले आणि तुमच्या हाती दिले. तुम्ही अंगणात बसून कटरवर एकेक तुकडा कापलात. चष्मा कपाळावर, नाक धुळीने पांढरं, आणि प्रत्येक तुकडा नमुन्यावर ठेवून चारही कडांनी तपासलेला. मग बसवायला गेलो आणि एकही तुकडा बसेना. सगळे मोठे, आणि सगळे सारखेच मोठे.

आपण दोघं त्या तुकड्यांकडे बघत उभे राहिलो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हात सवयीने चालला होता. प्रत्येक नमुन्याला मी चारही बाजूंनी शिलाईची माया सोडली होती.

"वैशाली," तुम्ही फार शांतपणे म्हणालात, "फरशी दुमडता येत नाही गं."

"मग कापताना बोलला का नाहीत? हे भिंतीपेक्षा मोठं होतंय, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना. पण ड्रॉइंग पास होऊन हातात आलं की फिटरने शंका काढायची नसते."

हे तुम्ही इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणालात की मी खाली बसले. मग तुम्हीही बसलात. आपण दोघं त्या उघड्या फरशीवर बसून इतके हसलो की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून कुंपणाशी आल्या. सगळे तुकडे पुन्हा कापले. ती सगळी धूळ माझ्या शिलाईच्या खोलीत आली आणि एका नवरीचा ब्लाउज मी दोनदा झटकून दिला. तिला कारण सांगितलं नाही.

आतल्या खोल्या झाल्या, स्वयंपाकघर झालं, जिन्याखालची जागा झाली. राहिली हॉलमधली लांब भिंत, जिला मधोमध पोट आहे. ते पोट कसं आलं, हे तुमच्या तोंडून मी कितीतरी वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी नवं असायचं. घर बांधताना गवंड्याने ऐन वेळी दगा दिला, म्हणून तुम्ही कारखान्यातल्या तीन मित्रांना घेऊन एका रविवारी गिलावा करायला घेतलात. चार फिटर आणि चार थाप्या. ओळंबा होता, पण तो धरायचा कोणी यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. मग प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने आपापला भाग केला आणि चौघांचे अंदाज मधे येऊन एकमेकांवर चढले. हे सांगताना तुम्हाला हसू यायचं आणि थोडी लाजही वाटायची. ओझरला केसाएवढा फरक चालत नव्हता, आणि घरी तुम्ही दोन बोटांचं पोट सांभाळत होतात.

तुमचं म्हणणं, पट्टी दोरीत बसवायची. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची, पोटाला जेमतेम शिवेल अशी, आणि सगळी पट्टी त्या दोरीला लावायची. भिंत मागे हटली तर हटू दे, मागची फट सिमेंटने भरायची. माझं म्हणणं, पट्टी भिंतीला धरून बसवायची. लांब तुकडे लावायचेच नाहीत. वीतभराचे लावायचे, म्हणजे ते भिंतीबरोबर वळतात.

"बाईच्या पाठीला बाक असला तर मी ब्लाउज सरळ शिवत नाही, अप्पा. टक्स घालते."

"भिंतीला पाठ नसते."

"पोट आहे की."

"फरशीचे सांधे सरळ आहेत, वैशाली. पट्टी वळली की ते लगेच चुगली करतील."

"तिथे सोफा येणार आहे."

"सोफ्यामागे काय आहे ते मला माहीत असणार ना."

"आणि तुमच्या दोरीपायी कोपऱ्यात दोन बोटांची कड राहील. तिच्यावरची धूळ कोण पुसणार?"

"मी पुसेन."

यावर मी चहा ठेवायला उठले. तुम्ही तेवढ्यावर स्वतःला विजयी धरलंत. असं महिनाभर चाललं. संदीप म्हणायचा, तुम्हाला पट्टी बसवायचीच नाहीये. त्याचं अगदीच खोटं नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती आता सांगते. माझ्या माहेरी, सिन्नरला, बायका वाद घालत नाहीत. वडील बोलले की विषय संपतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई कधीच्या गेलेल्या होत्या, तुम्ही आणि संदीप दोघंच होतात, आणि मी प्रत्येक प्रश्नाला "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणायचे. एकदा तुम्ही जेवताना विचारलंत, "भाजीत मीठ कमी आहे का गं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "मीठ तुझ्या तोंडातलं, ते मी कसं सांगू? कमी आहे की बरोबर आहे?" मी घाबरत म्हटलं, बरोबर आहे. "मला कमी वाटतं," तुम्ही म्हणालात, "आता मला पटवून दे."

तेव्हापासून आपण भांडतो आहोत. मिठावरून, पंख्यावरून, शिलाई मशीनचं तोंड खिडकीकडे हवं की दाराकडे यावरून. तुम्ही पुष्कळ वेळा हरलात, आणि हरल्यावर एकदाही "सून असून" असं तुमच्या तोंडून निघालं नाही. मशीन खिडकीकडे तोंड करून ठेवलं ते तुम्ही स्वतः उचलून ठेवलंत, आणि गिऱ्हाइकांना सांगत राहिलात की जागा हिची हिने निवडली. मला हे घर माझं वाटायला लागलं ते तुमच्याशी भांडून. हे तोंडावर सांगायला हवं होतं, पण भांडणाच्या गडबडीत असलं काही बोलायला फुरसत झाली नाही. अप्पा, माझं तुमच्यावर फार प्रेम होतं.

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही दोन कोपऱ्यांत खिळे ठोकून दोरी बांधलीत. मी म्हटलं, बांधा, मी सोडणार आहे. तुम्ही हसून म्हणालात, "उद्या दोन्ही प्रकारे सुके तुकडे मांडून बघू. शब्द देतो. बघितल्याशिवाय कोणीच बोलायचं नाही." सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसणार. मला झाला, अजूनही होतो. रडू बरोबर तुमच्या चहाच्या वेळेला येतं, आणि मी ते येऊ देते.

आता घाटावरची गंमत ऐका. दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या भिंतीवर दोन कावळे बसून नुसते बघत होते. मग नेहमीचं सुरू झालं, कसली इच्छा राहिली असेल, काय कबूल करायचं. संदीप हात जोडून म्हणाला, "अप्पा, वैशालीची काळजी घेईन." कावळा जागचा हलला नाही. वैशालीची काळजी वैशाली घेते हे तुम्हाला ठाऊकच होतं, तेव्हा त्यात नवल नव्हतं. मग सायखेड्याच्या आत्या, तुमची धाकटी बहीण, पदर सावरत पुढे आल्या.

"संदीप, दादानं घरात दोरी बांधून ठेवली व्हती. सरळ पट्टी पायजे व्हती त्याला, त्याच्यात जीव हे त्याचा. म्हन, दोरीतच बसवतो."

संदीपने म्हटलं. आणि कावळा टुणकन खाली उतरून पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि आत्यांनी माझ्याकडे बघितलं. आता खरं सांगा, तो कावळा तुम्ही होतात का? असलात तर त्याआधीचा सगळा वेळ तुम्ही घाटाच्या फरशीचे सांधे तपासत होतात, याबद्दल मला शंका नाही.

घरी आल्यावर मात्र मला हसू येईना. जो तो म्हणायला लागला, अप्पांची शेवटची इच्छा. आत्यांनी जाताना दोनदा बजावलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आता वाद कशाला, गेल्या माणसाचं मन राखावं. सगळ्यांचं मायेपोटीच चाललं होतं, हे कळत होतं मला. पण तुम्ही इच्छा ठेवून जाणारे कधी होतात? तुम्ही आपलं म्हणणं मांडायचात, समोरच्याचं ऐकायचात आणि मग आणखी मोठ्या आवाजात आपलं म्हणणं मांडायचात. मी आता मान खाली घालून दोरी मान्य केली असती, तर मी पुन्हा सिन्नरहून आलेली ती मुलगी झाले असते, आणि तेही तुमच्या नावाने. एवढं एक मला होऊ द्यायचं नव्हतं.

"मी शब्द दिलाय, वैशाली," संदीप म्हणाला.

"कावळ्याला दिलास."

"सगळ्यांसमोर दिलाय."

"आणि अप्पांनी मला दिला होता, दोन्ही प्रकारे मांडून बघू म्हणून. त्यांचा शब्द कोण पाळणार?"

तुमच्यासारखा लगेच उलटून बोलत नाही तो, त्याचं जरा वेळाने येतं. शेवटी म्हणाला, "सोमनाथ आला की मी रजा टाकतो. मांडून बघू."

सोमनाथ आज सकाळी आला. बातमी त्याला गावीच कळली होती. आधी ओट्यावर टेकला, पाणी प्यायला, म्हणाला, "लय चांगला मानूस व्हता. सिमेंटमंदी पानी किती, ते बी मला इचारायचे. सांगितलं तर पटायचं नाय." मग उठला आणि कामाला लागला.

आधी तुमचं मांडलं. दोरीला लावून सगळी पट्टी सुकीच उभी केली. दिसायला रुबाबदार दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण सोफ्याकडच्या कोपऱ्यात तिच्यामागे दोन बोटं जागा उरली. संदीप वाकून बघत म्हणाला, "इथं तर पणती लावता येईल." सोमनाथ म्हणाला, "भरू सिमेंटनं, पन वर धूळ लय बसंल, ताई." मी माझे तुकडे हातात घेतले. बघितल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

मग माझं मांडलं. वीतभराचे तुकडे, भिंतीला धरून. सोफ्याकडून पोटापर्यंत ते असे गेले की वळण कुठे सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येईना. मी मनात तुम्हाला चिडवायला सुरुवातही केली. पण पोट संपून दाराकडे उतरताना भिंत एकदम आत जाते. तुमच्या कोणत्या मित्राचा तो भाग होता कोण जाणे. तिथे माझे तुकडे एकापुढे एक दातासारखे बाहेर आले. आणि खाली फरशीचे सरळ सांधे. घरात पाऊल ठेवलं की पहिली नजर तिथेच पडते, आणि त्या बाजूला सोफाही येणार नाही.

सोमनाथ छताकडे बघत होता. संदीप खिडकीतून बाहेर बघत होता. मी दोन-तीन तुकडे इकडेतिकडे करून पाहिले, मागेपुढे करून पाहिले, आणखी लहान तुकडे लावून पाहिले. काही उपयोग झाला नाही. तुमचं "चुगली करतील" कानात वाजत होतं. चिडले मी, तुमच्यावर आणि त्या भिंतीवर. मग म्हटलं, "दारापासून पोटापर्यंत दोरी लाव. पोटापासून तिकडे भिंतीला धरून."

"निम्मं अप्पांचं, निम्मं तुमचं?" सोमनाथने विचारलं.

"निम्मं नाही. जिथे ज्याचं खरं, तिथे त्याचं."

दुपारपर्यंत पट्टी बसली. पोटाच्या माथ्यावर तुमची बाजू आणि माझी बाजू एकमेकींना मिळाल्या, तिथला सांधा सोमनाथने बोटाने दोनदा पुसला. संदीप दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, चांगलं दिसतंय. त्याच्या हिशेबाने हे मोठं भाषण झालं.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला. "दादाची इच्छा पुरी केली ना रे?" संदीपने फोन माझ्या हातात दिला आणि गाडी पुसायला अंगणात गेला. हो म्हणून मोकळं होता आलं असतं मला. सायखेड्याहून कोणी पट्टी बघायला येणार नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, इच्छा नव्हती ती. आमचा वाद चालला होता. दाराकडे अप्पांचं खरं निघालं, तिथे दोरीत बसवली. सोफ्याकडे माझं खरं निघालं, तिथे भिंतीला धरून."

मला वाटलं, झालं, आता दिवाळीपर्यंत अबोला. मग आत्या हळूच म्हणाल्या, "सोफ्याकडचं नसंल पटलं त्याला."

आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि इकडे मीही.

नसेलच पटलं, अप्पा. सोफा अजून लावलेला नाही, भिंत पूर्ण दिसते आहे. काय म्हणायचं असेल ते म्हणा. पट्टी मी काढणार नाही.